सलमान मशिदीचं मॉडेल: वर्कशॉपमधल्या नोंदी

22 जुलै 2025, मंगळवार

आर्किटेक्चर कॉलेजच्या मॅडम दुपारी नाशिकच्या अंबडला माझ्या वर्कशॉपवर आल्या. सप्टेंबरात त्यांच्याकडे प्रदर्शन आहे, विषय विद्यापीठांच्या आवारातल्या मशिदी. तीन मॉडेलं मांडायची आहेत. माझ्या वाट्याला इंडोनेशियातल्या बांडुंगची सलमान मशीद आली. स्केल 1:100, आणि छप्पर उचलून आत बघता आलं पाहिजे.

मी पहिलं विचारलं, "घुमट केवढा आहे?" कारण घुमटाच्या मापाचं काही शोधण्यातच चार दिवस जातात. मागे एका देवळाच्या मॉडेलला मेनरोडवरून प्लास्टिकचे चेंडू आणून अर्धे कापले होते.

"घुमट नाहीच," मॅडम म्हणाल्या.

"मनोरे?"

"एक. तोही इमारतीपासून सुटा."

"मग बघणाऱ्याला कळणार कसं, ही मशीद आहे म्हणून?"

मॅडम हसल्या आणि ड्रॉइंगची गुंडाळी टेबलावर ठेवली. 38 हजारांत ठरलं, दहा आगाऊ. अकरा वर्षं बिल्डरच्या स्कीमची मॉडेलं करतोय: हिरवा स्पंज, इवल्या गाड्या, फोनच्या स्क्रीनएवढा स्विमिंग पूल. निदान यात स्विमिंग पूल नाही.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस लेसरने कापून देणारा सापडत नाही, हे त्यांना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मुद्दामच.

25 जुलै

शीटं भिंतीला लावली. मॅडमनी चार पानं टाइप करून दिलीत, ती चहाबरोबर वाचली. काम करताना इमारतीची गोष्ट ठाऊक असली की हात बरा चालतो, असा माझा अनुभव आहे. स्कीमच्या मॉडेलांना गोष्ट नसते, फक्त पझेशनची तारीख असते.

बांडुंग म्हणजे तेच, 1955 च्या परिषदेचं, जिथे नेहरू गेले होते. तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज डचांनी 1920 मध्ये काढलं. सुकार्नो तिथलेच सिव्हिल इंजिनिअर, 1926 चे. पुढे 1959 मध्ये त्याची तंत्रज्ञान संस्था झाली, आपल्या आयआयटीसारखी. आवारात मशीद नव्हती. मुलं शुक्रवारची नमाज कॉलेजच्या पश्चिम सभागृहात पढायची. मग मशिदीची मागणी झाली आणि नकाशा काढला अहमद नुमान यांनी. ते याच संस्थेचे 1958 चे आर्किटेक्ट, आणि पुढे तिथेच शिकवायचे.

1964 मध्ये नकाशा सुकार्नोंपुढे गेला. तोवर ते राष्ट्राध्यक्ष झालेले. त्यांनी मान्यता दिली आणि नावही दिलं, सलमान. हे सलमान म्हणजे पैगंबरांचे इराणी सोबती सलमान फारसी. मदिनेवर फौज चालून आली तेव्हा शहराभोवती खंदक खणा, ही युक्ती त्यांची. अरबस्तानात तोवर असा खंदक कुणी खणला नव्हता. इंजिनिअरांच्या मशिदीला खंदकवाल्याचं नाव. इंजिनिअर माणसानंच असं नाव सुचवावं. पहिली जुम्म्याची नमाज 5 मे 1972 ला झाली.

आणि एक गोष्ट वाचून मी पान बारक्यापुढे, माझ्या हाताखालच्या पोरापुढे, सरकवलं. मशीद ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव जालान गणेशा. जालान म्हणजे रस्ता. संस्थेचा पत्ताही तोच, गणेशा 10. संस्थेच्या चिन्हातही गणपती आहे.

बारक्या म्हणाला, "मामा, म्हणजे यंदा आपलं मखर हेच का?"

29 जुलै

आज चाचा आले. चाचा म्हणजे जुन्या नाशकातले, चौक मंडईजवळ राहतात. चाळीस वर्षं लाकडाला पॉलिश केलं, आता हात थरथरतो म्हणून काम सोडलंय. पण वर्कशॉपचा वास सुटत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा येऊन बसतात. व्हिनियरची, म्हणजे लाकडाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्याची, पारख अख्ख्या अंबडमध्ये त्यांच्याइतकी कुणाला नाही.

त्यांना शीट दाखवलं. बराच वेळ चष्मा वरखाली करत बघत राहिले. मग बोट हॉलच्या मधोमध ठेवलं.

"खांब कुठे गेले?"

"नाहीत चाचा. अख्ख्या हॉलमध्ये एकही नाही."

"वा," म्हणाले. तेवढंच.

मग हळूहळू बोलायला लागले. नमाजात सगळ्यात आधी सफ नीट लावतात. सफ म्हणजे ओळ. खांद्याला खांदा, टाचेला टाच, मध्ये फट ठेवायची नाही. खांब आला की ओळ तुटते. म्हणून दोन खांबांच्या मध्ये ओळ लावायची टाळतात. गर्दीच झाली आणि जागाच नसली तर गोष्ट वेगळी. "आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत उशिरा येणारा खांबामागे जातो. लहानपणी मी मुद्दाम उशिरा जायचो. खांबाला टेकून झोप यायची."

नुमान यांचा आग्रह हाच होता, असं मॅडमच्या पानांतही आहे. घुमट काही धर्मानं सांगितलेला नाही, तो त्या त्या काळाचा आणि देशाचा. ओळ मात्र तुटू नये. म्हणजे आधी ओळी आखल्या आणि वरून छप्पर घातलं. आपण उलटं करतो. आधी एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचा दर्शनी चेहरा, रंगवतो, मग आत माणसं कुठे बसवायची ते बघतो. असो, त्या एलिव्हेशनवरच माझं घर चालतं.

चाचांनी जाताना विचारलं, "छप्पर मग कशावर उभं आहे?" मी म्हटलं उद्या दाखवतो. खरं तर मलाच नीट कळायचं होतं.

30 जुलै

बारक्या आणि चाचा दोघांसमोर करून दाखवलं. 3 मिमी जाडीची, 20 मिमी रुंदीची एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची, पट्टी. दोन विटांमध्ये फूटभर अंतर. पट्टी आडवी ठेवली आणि मध्ये फेविकॉलचा अर्धा किलोचा डबा. पट्टी झोळीसारखी लोंबली. मग तीच पट्टी कडेवर उभी केली, बारक्याने दोन्ही टोकं धरली आणि तोच डबा वर ठेवला. हलली नाही.

माल तेवढाच, वजन तेवढंच. फक्त उभी केली. हिशेब असा की ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो. 20 गुणिले 3 चा घन म्हणजे 540. 3 गुणिले 20 चा घन म्हणजे 24 हजार. चव्वेचाळीस पट. खांब काढायचे असतील तर तुळईला उंची द्या, असा सौदा आहे. खालची जागा मोकळी हवी तर वर जाडी द्यावी लागते, फुकट काही मिळत नाही.

बारक्या आयटीआयला दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "हे आम्हाला पुस्तकात आहे, पण असं नाही सांगितलं."

2 ऑगस्ट

छप्पर बघत बसलो. वरून सपाट वाटतं, पण नाही. कडा वर उचललेल्या आणि मध्ये उतार, पसरट वाडग्यासारखं. तिथले लोक म्हणतात, दुवा मागताना हात पसरतात तसं हे छप्पर आहे. मी चाचांसमोर दोन्ही हात जोडून ओंजळ केली, तर म्हणाले, "अशी नाही, ही तर पाणी प्यायची. थोडी उघडी." त्यांनी दोन्ही तळवे छातीपुढे अलगद पसरले. बोटांची टोकं वर, मध्ये खोलगट. मी मोबाइलमध्ये त्यांच्या हातांचा बाजूने फोटो काढला आणि शीटशेजारी लावला. ड्रॉइंगमधल्या सेक्शनपेक्षा त्या फोटोने जास्त मदत केली.

"पण पाणी?" चाचा. बाहेर धो धो पडत होतं, पत्र्यावर आवाज एवढा की ओरडून बोलावं लागत होतं. घुमटावरून पाणी घसरतं, इथे तर आतच जमा होणार. बांडुंगला पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत उरकतही नाही. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, अशा छपराला आतून ढाळ आणि पन्हाळ द्यावीच लागते, नाहीतर तो हौद होईल. चाचांचं समाधान झालं नाही. त्यांच्या घराची गच्ची गेल्या तीन पावसाळ्यांपासून गळतेय, सपाट छपराबद्दल ते कुणाचंच ऐकत नाहीत.

3 ऑगस्ट, रविवार

आज सुट्टी. पाऊस उघडला म्हणून बायको आणि पोरीला घेऊन पांडवलेण्यांवर गेलो. त्रिरश्मी डोंगर हिरवागार, पायऱ्यांवर भाजलेली कणसं, माकडं.

लहानपणापासून शंभर वेळा गेलो असेन. पण आज 3 नंबरच्या लेण्यात शिरलो आणि उभाच राहिलो. आत खांब नाहीत. एकही नाही. हॉल साधारण 40 फूट रुंद, त्याहून थोडा खोल, भिंतीला बसायचा ओटा आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या. मध्ये सगळं मोकळं. इतकी वर्षं मी त्या मोकळेपणाकडे बघितलंच नव्हतं, कारण जे नाही ते कोण बघतं.

हे लेणं सातवाहनांचं. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दिलेलं, तिचा नातू पुळुमावी गादीवर असताना. म्हणजे पावणेदोन-दोन हजार वर्षांमागचं. पलीकडचं 10 नंबर क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचं, तेही आतून असंच बिनखांबी. खांब आहेत ते बाहेर, व्हरांड्याला.

बाहेरची गंमत तर अजून वेगळी. व्हरांड्याच्या खाली दगडात तुळया कोरल्यात, लाकडी सांगाड्यासारख्या, आणि त्या सहा ठेंगण्या यक्षांच्या खांद्यावर ठेवल्यात, पालखी उचलावी तशा. यक्षांनी दात-ओठ खाल्लेत. पण वजन काही नाही त्यांच्यावर. अख्खा डोंगर एकच दगड आहे, तुळईची गरजच नाही. मी पोरीला सांगितलं, हे नाटक करतायत. ती म्हणाली, "बाबा, आमच्या पीटीच्या सरांसारखं."

डोंगरात पोकळी कोरणाऱ्याला खांब ठेवायचे तर ते दगड न काढता सोडावे लागतात. म्हणजे त्याला खांब फुकट आणि मोकळी जागा कष्टाची. सिमेंटवाल्याला खांबच कष्टाचे, पण ते काढले तर छप्पर महाग. दोघांनीही महागाची वाट धरली, कारण आत माणसं एकत्र बसायची होती. संध्याकाळी घरी येऊन हे लिहितोय, पाय दुखतायत.

8 ऑगस्ट

फरशीचं काम. मूळ मशिदीत जमीन सागाची आहे आणि भिंतींनाही लाकूड आहे. फरशीला अर्धा मिमीचं खरं सागाचं व्हिनियर घ्यायचं ठरवलं, प्रिंटेड सनमायका नको. चाचांना स्कूटरवर मागे बसवून व्हिनियरच्या गोडाउनला नेलं. त्यांनी चौदा शीटं बघून दोन काढली. निकष काय विचारलं तर म्हणाले, "रेषा सरळ पाहिजे. डोंगर नको." आडवा काप घेतला की रेषांचे डोंगर येतात, नकाशात उंची दाखवतात तसे. दिवाणखान्याला ते छान दिसतं. एवढ्या लहान स्केलला मात्र एक डोंगर अख्ख्या ओळीवर पसरेल.

सफेची रुंदी साधारण 1.2 मीटर धरतात, म्हणजे मॉडेलवर 12 मिमी. कटरच्या टोकाने नुसती ओरखडी मारली, कापली नाही. पहिल्या तीन ओळी झाल्यावर गुण्या लावून बघितला तर अर्धा मिमीने तिरक्या. दोष पट्टीचा, तिची एक कड झिजली होती. नवीन पट्टी, नवीन व्हिनियर, पुन्हा पहिल्यापासून. चाचा काही बोलले नाहीत, फक्त आपली निवडलेली शीट वाया गेली म्हणून एकदा उसासा टाकला.

12 ऑगस्ट

आज चूक पकडली, आणि तीही चाचांमुळे नाही, त्यांच्याविरुद्ध जाऊन.

बेसवर उत्तर दाखवणारा बाण लावायचा होता. मी मिहराबची, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, भिंत पश्चिम धरली आणि तिच्यावरून काटकोनात उत्तर काढली. चाचांनाही पटलं, "मगरिबकडेच तोंड करतात." मगरिब म्हणजे पश्चिम. रात्री झोपताना डोक्यात आलं की पश्चिम आपल्यासाठी. बांडुंग तर विषुववृत्ताच्याही खाली आहे.

सकाळी भाच्याला, जो इंजिनिअरिंगला आहे, गणित करायला लावलं. पृथ्वी गोल धरून नाशिकहून मक्केची दिशा काढली तर पश्चिमेपासून उत्तरेकडे जेमतेम 8-9 अंश. म्हणजे चाचांचं "सीधा मगरिब" आपल्याकडे जवळपास खरं. बांडुंगहून तीच दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे 25 अंश. बाण पाव काटकोनाहून जास्त चुकला होता. बारक्याने उपटून पुन्हा लावला, बेसवर गोंदाचा डाग राहिलाय, तिथे झाड बसवू.

चाचांना सांगितलं. थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे तिकडचा आणि मी, दोघं वेगळ्या बाजूला तोंड करून एकाच ठिकाणी बघतो."

19 ऑगस्ट

छपराच्या कडेचं वळण. हे मला लेसरने करायचंच नव्हतं. एमडीएफला खाचा पाडून वाकवलं की वळण तुकड्या-तुकड्यांचं दिसतं.

मॅडमच्या पानांत बांडुंगच्या त्या जुन्या पश्चिम सभागृहाचा फोटो आहे. हेन्री मॅक्लेन पाँट नावाच्या डच आर्किटेक्टचं काम, 1920 चं. आत लाकडाच्या प्रचंड कमानी. अखंड लाकूड नाही, पातळ फळ्या एकावर एक रचून वाकवलेल्या आणि लोखंडी कड्यांनी आवळलेल्या. वर छप्पर मात्र तिथल्या गावच्या घरांसारखं. मशीद नव्हती तेव्हा मुलं नमाज पढायची ती याच कमानींखाली. म्हणजे नुमान विद्यार्थी असताना रोज हे बघत असणार. मी ठरवलं, त्या कमानींची रीत या छपराला वापरायची.

फाउंड्रीत पॅटर्न मेकर होतो तेव्हाचा रंधा काढला. पाइनचा फर्मा केला, चाचांच्या हाताच्या फोटोवरून डोळा ठेवून आणि ड्रॉइंगवरून माप धरून. त्यावर 0.6 मिमीच्या व्हिनियरचे पाच थर, प्रत्येकाला गोंद, वर प्लास्टिक, मग क्लॅम्प. चोवीस तास. काढलं तर सुंदर वळण, आणि माझ्या डोळ्यांदेखत टोक चार मिमी उघडलं. लाकडाला परत सरळ व्हायचं असतं, ही गोष्ट विसरलो होतो. फाउंड्रीत पहिल्याच महिन्यात शिकवली होती. फर्मा पुन्हा घासला, वळण हवं त्यापेक्षा घट्ट केलं, हवा दमट आहे म्हणून दोन दिवस क्लॅम्पमध्येच ठेवलं.

22 ऑगस्ट

उघडलं. कार्डाचा टेम्प्लेट लावला. बसलं.

23 ऑगस्ट

बाकी भिंती आणि जाळ्यांसाठी लेसर लागणारच होता. ज्याच्याकडे नेहमी देतो त्याच्याकडे रांग, सगळी मखरं. मोरपिसाचं मखर, केदारनाथचं मखर, विठ्ठलाचं मखर. थर्माकोल बंद झाल्यापासून सगळी आरास एमडीएफवर आली आणि मशीन चोवीस तास जळतंय. रात्री अकराला माझा नंबर लागला. त्याने ऑर्डरच्या वहीत लिहिलं, "मखर, 1 नग". मी दुरुस्त केलं नाही, मखराचा रेट कमी आहे.

जाळीचे दोन तुकडे जळके निघाले, काळ्या कडा. कानशीने साफ करता करता एक मोडला.

27 ऑगस्ट

गणेश चतुर्थी. बंद.

2 सप्टेंबर

मॅडमचे विद्यार्थी आले, अलिगढच्या मशिदीचे घुमट ओतायला. ती त्यांनी स्वतः करायला घेतलीय. घुमट जमत नाहीत म्हणून माझ्याकडे पीओपीच्या साच्यासाठी. पोरं हुशार आहेत, पण प्लास्टर आणि पाणी यांचं प्रमाण यूट्यूबवरून ठरवतात. तीनपैकी दोन घुमट साच्यात अडकून फुटले.

काम होईतो त्यांनी अलिगढची गोष्ट सांगितली. 1877 मध्ये कॉलेजचा पाया घातला, 1920 मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. मशीद मोगली धाटणीची, आणि संस्थापक सर सय्यद अहमद खान 1898 मध्ये गेले त्यांची कबर मशिदीच्याच आवारात. हेच सर सय्यद तरुणपणी दिल्लीच्या जुन्या इमारती एकेक बघत हिंडले आणि 1847 मध्ये त्यांचं पुस्तक केलं. नंतर 1857 ला त्यातल्या कितीतरी पडल्या. अशा माणसाने कॉलेज काढलं तर मशीद घुमटाचीच होणार. त्याला जे गेलं ते पुन्हा उभं करायचं होतं. बांडुंगवाल्यांना नव्या देशाचं काहीतरी नवं हवं होतं. दोघांचंही मला पटतं. एका मुलीने विचारलं, "काका, तुम्हाला कुठली जास्त आवडते?" मी म्हटलं, जिचे पैसे मिळतात ती.

तिसरं मॉडेल दोह्याचं, हमद बिन खलिफा विद्यापीठाचं. मशीद पाच खांबांवर तोललेली, इस्लामच्या पाच स्तंभांचे पाच, त्यांच्यावर कुराणातल्या आयती. दोन मनोरे मक्केच्या दिशेने झुकलेले. ते सगळं पांढरंशुभ्र वळणावळणाचं प्रकरण हाताने करणं शक्यच नाही, थ्री-डी प्रिंट करून घेतलंय. मॅडमचा फोन होता, मनोरे झुकलेत ते मूळचेच की प्रिंट वाकडी आली, हे कळत नाहीये. मी म्हटलं गुण्या लावून बघा. मग लक्षात आलं, गुण्याचा इथे काय उपयोग.

5 सप्टेंबर

चाचा आले नाहीत, आज ईद-ए-मिलाद. बारक्याही नाही, त्याच्या मंडळाचं विसर्जन उद्या, ढोलाचा सराव. एकट्याने मनोरा केला. सडपातळ, सुटा, अर्ध्या दिवसात झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

9 सप्टेंबर

आज सगळं एकत्र बसवलं, छप्पर सोडून. मॅडमना आत माणसं हवी होती. बाजारात मिळणारी 1:100 ची प्लास्टिक माणसं सूटबूट घातलेली, हातात ब्रीफकेस. मशिदीत ब्रीफकेस घेऊन कोण उभं राहील.

चाचा म्हणाले, "तांदूळ आण."

खांद्याची रुंदी साठ सेंटिमीटर धरली तर 1:100 ला 6 मिमी. घरून मूठभर तांदूळ आणला, कॅलिपर लावला. लांब दाणे 7 च्या वर जातात, तुकडा 4 वर येतो. आमच्या घरच्या तांदळातले निवडक दाणे सहाला बसले. चाचांचा हात थरथरतो तरी त्यांनीच लावायला घेतले. एकेक दाणा आडवा, टोकाला टोक, ओरखड्यावर. मी मध्ये मदत करायला गेलो तर हात बाजूला केला. मिहराबजवळून सुरुवात केली आणि ओळ मधोमधपासून दोन्ही बाजूंना वाढवत नेली. इमामाच्या मागे पहिला माणूस, मग उजवा, मग डावा, तशीच भरतात म्हणे.

तासाभरात चार ओळी झाल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत, अखंड.

मग मी एक उद्योग केला. चार पेन्सिली घेतल्या, हॉलच्या मध्ये चार खांब असते तर कुठे आले असते तिथे उभ्या केल्या. एक पेन्सिल म्हणजे एक दाणा जाईल, असं बारक्याला वाटत होतं. पेन्सिलीच्या जागेचा दाणा गेला, शेजारचा तिरका झाला, त्याच्या शेजारच्याला जागा उरली नाही. दुसऱ्या ओळीतले दोघे पेन्सिलीच्या मागे गेले, त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, दाण्याला दिसतं असं धरलं तर. चाचांनी पुढे होऊन चारही पेन्सिली उचलल्या आणि माझ्या खिशाला लावल्या.

दाणे पुन्हा सरळ करायला अर्धा तास गेला.

दाणे कायमचे चिकटवायचे का, यावर चर्चा झाली. चाचा नको म्हणाले. तांदूळ आहे, मुंग्या लागतील. आणि फरशी मोकळी दिसू दे. फोटो काढला, ब्रशने दाणे गोळा केले, चाचांनी ते रुमालात बांधून घरी नेले.

13 सप्टेंबर, शनिवार

डिलिव्हरी. छोटा हत्ती, खाली दोन गाद्या, मी मागे मॉडेल धरून बसलो. त्र्यंबक रोडवर एवढे खड्डे आहेत की मनोरा सुटा ठेवला ते बरं झालं, तो मांडीवर घेऊन बसलो होतो. छपराची एक कड बेसला घासली, सूतभर पॉलिश गेलं. तिथेच उभ्या उभ्या टचअप केलं.

मॅडमनी छप्पर उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. पुन्हा उचललं. उरलेले 28 हजार बिलावर सही होऊन आले की मिळतील म्हणाल्या.

20 सप्टेंबर

प्रदर्शनाला चाचांना घेऊन गेलो. दोह्याच्या मॉडेलभोवती मोबाइल उगारून गर्दी. अलिगढचे घुमट पोरांनी शेवटी नीट ओतलेत, फक्त एकाचा रंग दोघांपेक्षा पिवळट आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, "हे काय आहे?" आणि मग छप्पर उचलतो. दिवसभरात शंभर हातांनी उचललं असेल. कोपऱ्यातला सांधा किंचित उघडलाय, मंगळवारी गोंद आणि क्लॅम्प घेऊन जायचं आहे.

चाचांनी छप्पर उचललं नाही. वाकून, कमरेवर हात ठेवून, दाराच्या फटीतून आत बघत राहिले. मग मला खुणेने बोलावलं. मिहराबच्या डाव्या कोपऱ्यात, भिंत आणि फरशीच्या खाचेत, एक तांदळाचा दाणा राहिला होता.

मी तो उचलायला खिशातून चिमटा बाहेर काढला तर म्हणाले, "राहू दे, वेळेवर आलाय तो."

कॉलेजवाल्यांना बिलाबद्दल विचारलं, सोमवारी फोन करा म्हणाले.